संकष्टीची सुशी

बायकोच्या दीर्घायुष्यासाठी करवा चौथचा उपास धरणारा नवरा, अशी आमच्या बँकेच्या जयपूर कार्यालयात माझी ख्याती आहे. ही ख्याती मी सुशी आणि बिअरच्या पार्टीत मिळवली, हे मात्र कोणी सांगत नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला बायकोच्या आयुष्याची काळजी नव्हती. (हे वाक्य वैशालीनं वाचलं तर माझ्या आयुष्याची करावी लागेल.) मला काळजी होती ती बदलीची. दोन वर्षांपूर्वी बँकेनं मला कोल्हापुरातून उचललं आणि जयपूरला आणून ठेवलं. जयपूर वाईट नाही. वैशालीला तर ते इतकं मानवलं की जवळच्या बगरू गावच्या छापील चादरी आणि कापडं कोल्हापुरातल्या मैत्रिणींना पाठवण्याचा तिचा उद्योग माझ्या नोकरीपेक्षा जोरात चालू झाला. पण माझा जीव कोल्हापुरात अडकला होता. आई तिथं एकटी, तिचे गुडघे दुखरे, आणि मी इकडे रोज जेवताना दाल-बाटीकडे बघून तांबड्या रश्श्याची आठवण काढायचो.

बदलीचा अर्ज दिला होता. त्यावर आमच्या शेखावतसाहेबांची शिफारस लागणार होती, आणि साहेब माणूस भला असला तरी कागद त्यांच्या टेबलावर मुरत ठेवायची त्यांना सवय होती. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "सायबाच्या मागं लागून काय हुतंय? गनपतीला सांग. एकवीस संकष्ट्या बोल."

"बरं, बोललो."

"तसं न्हाई. नीट ऐक. दिवसभर खिचडी न्हाई, वरीतांदूळ न्हाई. नुसतं पानी. राती चंद्र बघायचा, अर्घ्य द्यायचं, आन पयला घास मोदकाचा. मधी दुसरं काय तोंडात गेलं की झालं, परत पयल्यापास्नं."

आईचा गणपती जरा कडक शिस्तीचा आहे. पण मी वीस संकष्ट्या निभावल्या. पंचपक्वान्नांच्या लग्नांत पाणी पीत बसलो, बैठकांमध्ये समोसे दुसऱ्यांना वाढले. एकविसावी, शेवटची संकष्टी येत्या सोमवारी होती आणि शेखावतसाहेब त्याच आठवड्यात बदल्यांच्या शिफारशी लिहिणार होते. म्हणजे खाली साहेब आणि वर गणपती, दोघांची सही मला एकदमच हवी होती.

अशा वेळी अक्षयचा फोन आला. अक्षय हा नागपूरचा पोरगा, इथं एका संगणक कंपनीत आहे. जयपूरमध्ये आमचं जे चिमुकलं मराठी मंडळ आहे त्यात तो, आम्ही नवरा-बायको, आणि विमा कंपनीतले केतकर. केतकरांचं बिऱ्हाड पुण्यात आणि ते इथं एकटेच. पुण्याबाहेर जेवण म्हणून जे काही मिळतं त्याला ते 'पोटाची सोय' म्हणतात.

"काका, मोठ्या कंपनीत नोकरी लागली मले," अक्षय म्हणाला. "सोमवारी पार्टी. सी-स्कीममध्ये एका गच्चीवर जपानी हॉटेल आहे. सुशी लय भारी भेटते तिथं."

"सोमवारी माझी संकष्टी आहे रे."

"मंग उशिरा जाऊ ना! चंद्र निघाला की तुम्ही पहिले मोदक खा, मंग सुशी खा. व्हेज बी राहते. काहून टेन्शन घेता?"

केतकरांना विचारलं तर ते म्हणाले, "सुशी म्हणजे थंड भात. थंड भात खायला मी सी-स्कीमपर्यंत कशाला येऊ? माझ्या फ्रीजमध्ये आहे की."

"काका, सोबत बिअर पण आहे."

"किती वाजता निघायचं?" केतकर म्हणाले.

आमची चूक झाली ती इथं. तारीख ठरवताना चौघांनीही मराठी कॅलेंडरच पाहिलं. आईनं कोल्हापूरहून पाठवलेलं ते कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात लटकत असतं आणि त्यातल्या त्या चौकोनात लाल गणपती होता. लाल गणपती दिसला की मराठी माणूस पुढचं बारीक अक्षर वाचत नाही. आश्विनातली ही जी आपली संकष्टी, नेमका तोच दिवस उत्तरेकडे करवा चौथ म्हणून पाळतात. त्या दिवशी इथल्या बायका नवऱ्यासाठी पाण्याचा थेंबही न घेता उपास करतात आणि रात्री चंद्र बघून, चाळणीतून नवऱ्याचं तोंड बघून तो सोडतात. आम्हाला करवा चौथ माहीत होता, संकष्टी माहीत होती. दोघांची गाठ कधी पडली नव्हती, कारण गेली दोन्ही वर्षं ऐन त्या दिवसांत आम्ही दिवाळीसाठी कोल्हापूर गाठलं होतं. वैशालीनं आदल्या दिवशी राजा पार्कच्या बाजारात मेंदीवाल्यांपुढे बायकांची ही गर्दी पाहिली होती. "इथं दिवाळीची मेंदी फारच लवकर काढतात," एवढंच तिचं मत पडलं.

सोमवारी संध्याकाळी मी घरी आरती केली, नैवेद्य दाखवला आणि उपास सोडायला पाच तळणीचे मोदक स्टीलच्या डब्यात भरून घेतले. रात्री आम्ही हॉटेलच्या लिफ्टमधून वर गेलो. दार उघडलं आणि मी लिफ्टमध्येच थांबलो.

अख्खी गच्ची लाल होती. लाल साड्या, लाल लेहेंगे, कोपरापर्यंत मेंदी, कपाळावर बिंदी-टिक्के. प्रत्येकीच्या हातात सोनेरी किनार लावलेली चाळणी, आणि प्रत्येकीचं तोंड आभाळाकडे. शेजारी तिचा तिचा नवरा, तोंड मोबाइलकडे. या सगळ्यात जीनची पँट आणि बगरूचा निळा कुर्ता घातलेली, हातात एक बांगडी नसलेली अशी वैशाली एकटी.

"सत्यनारायण आहे का कुणाचा?" केतकरांनी विचारलं.

अक्षयनं मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि डोकं खाजवलं. "काका, एक लोचा झाला. आज करवा चौथ आहे."

तोपर्यंत मॅनेजर हात जोडून पुढे आला होता. त्यानं वैशालीला आदरानं विचारलं, "मैडम, आपका व्रत है ना?"

"नहीं नहीं, मेरा कहाँ," वैशाली म्हणाली. "इनका है."

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. मग वैशालीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "सर... आपका?"

"जी."

त्यानं उजवा हात छातीवर ठेवला. अक्षयनं राखून ठेवलेलं टेबल मागे स्वच्छतागृहाच्या दाराशी होतं. ते रद्द होऊन आम्हाला सगळ्यात पुढचं, कठड्यालगतचं, झेंडूच्या माळा लावलेलं मोठं टेबल मिळालं. वर हॉटेलतर्फे एक चाळणी भेट.

"उपासाचा हा फायदा मला माहीत नव्हता," केतकर खुर्ची ओढत म्हणाले.

चंद्राचा मात्र पत्ता नव्हता. उगवायची वेळ केव्हाच टळून गेली होती, पण पूर्वेला ढगांचा एक जाड पट्टा येऊन बसला होता आणि तो हलायचं नाव घेत नव्हता. आईचा फोन आला.

"दिसला का रं?"

"न्हाई गं. ढग हायती."

"हितं लख्ख दिसतोय की."

"मग आई, तुझ्या चंद्रावर सोडू का?"

"उपास तुझा आन चंद्र माझा? असं कुठं असतंय? कुठं हाईस तू?"

"गच्चीवर," मी म्हणालो. (यात खोटं काहीच नव्हतं.)

इकडे अक्षयनं मागवायला सुरुवात केली. लाकडी होडीत मांडलेली सुशी आली. काकडीची आली, मशरूमची आली, माशाची आली. बिअर आली. वैशालीनं दोन काड्या बोटांत धरल्या आणि जन्मभर जपानमध्ये काढल्यासारखी एकेक गुंडाळी उचलायला लागली. (तिनं हे मोबाइलवर बघून चणे-फुटाण्यांवर सराव करून आत्मसात केलं होतं.) केतकरांनी पहिली गुंडाळी बराच वेळ चावली.

"कशी आहे, काका?"

"पोटाची सोय आहे. भाताला फोडणी हवी होती," असं म्हणून त्यांनी दुसरी उचलली. मग तिसरी.

मी पाण्याची बाटली घेऊन बसलो होतो. माझ्या नाकासमोरून होड्या जात-येत होत्या. हळूहळू माझ्या लक्षात आलं की आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायका आमच्याकडेच बघतायत. दृश्यच तसं होतं. नवरा उपाशी, सुकलेल्या तोंडानं आभाळाकडे बघतोय आणि बायको शेजारी बसून बिअर पिते आहे. एक बाई दुसरीच्या कानात "बेचारा" म्हणाली. दुसरीनं आपल्या नवऱ्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि त्याची मान माझ्या दिशेनं वळवली.

"अगं, निदान सावकाश पी," मी वैशालीला म्हणालो.

"का? उपास तुमचा आहे," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

चंद्र कधीही येईल म्हणून मी डबा काढून टेबलावर ठेवला. लगेच मॅनेजर हजर.

"सर, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"भैया, ये प्रसाद है. मुझे सबसे पहले यही खाना है."

"प्रसाद है?" त्यानं डबा दोन्ही हातांनी उचलला. "तो फिर ढंग से रखेंगे सर. आज के दिन आप जैसे आदमी को डिब्बे में से थोड़ी खिलाएँगे."

मी 'अहो, अहो' करेपर्यंत डबा आत गेला. थोड्या वेळानं बाहेर आली ती काळ्या दगडाची लांब पाटी. तिच्यावर माझे पाच मोदक एका रांगेत, प्रत्येकाखाली हिरवं पान, बाजूला आल्याच्या गुलाबी कापांचं फूल, आणि एका वाटीत सोया सॉस. आमच्या घरातले मोदक, पण मलाही क्षणभर ओळखू आले नाहीत. आईला हे दिसलं असतं तर एकवीस संकष्ट्या तिथल्या तिथं बाद.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि आतून शेखावतसाहेब बाहेर आले.

साहेबांच्या मागे लाल पोशाखात, डोक्यावर ओढणी घेतलेल्या त्यांच्या मिसेस, उपासानं अगदी मलूल झालेल्या. गच्चीवर एक खुर्ची रिकामी नव्हती. मॅनेजरनं चौफेर नजर फिरवली आणि त्यांना सरळ आमच्याकडे आणलं. "व्रत वाले सब यहीं बैठेंगे, सर."

"अरे, माने जी! आप यहाँ?" साहेब खूश झाले आणि बरोबर मोदकांसमोरच्या खुर्चीत बसले.

ओळखी झाल्या. मिसेस शेखावत थकलेल्या आवाजात वैशालीला म्हणाल्या, "सुबह से पानी नहीं पिया. और इन्होंने दोपहर में कचौरियाँ मँगवाईं. मेरे सामने बैठकर खाईं."

"अब बासी थोड़ी होने देता," असं म्हणत साहेबांनी समोर पाहिलं. "ये कौन-सी वाली सुशी है?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी एक मोदक उचलला, सोया सॉसमध्ये बुडवला आणि खाल्ला. त्यांचे डोळे मिटले. "वाह! मीठी है. नारियल है क्या इसमें?" आणि दुसरा उचलला.

बदलीच्या शिफारशीचा कागद ज्यांच्या टेबलावर आहे अशा माणसाला 'साहेब, खाली ठेवा' कसं म्हणणार? मी वैशालीकडे पाहिलं, वैशालीनं अक्षयकडे पाहिलं, अक्षयनं साहेबांपुढे माशाची सुशी सरकवली. "सर, हे घ्या, मतलब, ये लीजिए. ये ज़्यादा अच्छी है."

"नहीं, मुझे ये ही जम रही है. माने जी, आप भी लीजिए ना."

"नहीं सर. मेरा व्रत है."

साहेबांचा हात तिसऱ्या मोदकावर थांबला. मिसेस शेखावत इतका वेळ खुर्चीत कलंडून बसल्या होत्या, त्या एकदम ताठ झाल्या. "आपका? व्रत? आज का?"

"जी, आज का." (यातही खोटं काही नव्हतं.)

त्यांनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "सुन रहे हैं आप?"

साहेबांनी गडबडून तिसरा मोदक तोंडात टाकला. घाबरला की खातो, अशा स्वभावाचा माणूस. दोन उरले. आता काहीतरी करायला हवं हे केतकरांना कळलं आणि त्यांनी झडप घालून एक मोदक वाचवला. म्हणजे उचलला आणि खाऊन टाकला.

"केतकर!"

"सोयाबीनच्या पाण्यात बुडवून घेण्यापेक्षा मराठी माणसाच्या पोटात बरा," ते मोदक चावत पुटपुटले.

एक उरला. माझी वीस महिन्यांची तपश्चर्या, आईचे गुडघे, कोल्हापूर, सगळं त्या एका मोदकावर येऊन ठेपलं. वैशालीनं शांतपणे हॉटेलनं दिलेली चाळणी उचलली आणि मोदकावर पालथी घातली. घरी मांजर आलं की दुधाच्या पातेल्यावर ती अशीच घालते. साहेबांनी चाळणीकडे जरा दुःखानं पाहिलं.

मिसेस शेखावत मात्र आता माझी पाठ सोडायला तयार नव्हत्या. "भाई साहब, पूरे दिन का रखा है?"

"जी. सिर्फ़ पानी."

"कब से रखते हैं?"

"बीस महीने हो गए."

"हर महीने!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माने जी, मन में कुछ तो माँगा होगा. किसलिए रखा है?"

"हाँ हाँ, बताइए," साहेबही पुढे झुकले. "हम भी तो सुनें."

माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. या शहरातून आणि समोर बसलेल्या या गृहस्थांच्या हाताखालून माझी सुटका कर, असं मी वीस महिने गणपतीला विनवत होतो. ते त्या गृहस्थांना तोंडावर कसं सांगायचं? मी घसा खाकरला. पाणी प्यालो. आणखी पाणी प्यालो.

"चाँद! चाँद निकल आया!"

गच्चीत एकच हलकल्लोळ झाला. ढगांचा पट्टा फाटला होता आणि त्यातून तांबूस, खरवडल्यासारखा चंद्र बाहेर आला होता. खुर्च्या सरकल्या, मोबाइल वर झाले, बायका कठड्याकडे धावल्या. सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात मिसेस शेखावतांनी माझं मनगट धरून मला कठड्याशी उभं केलं आणि आपला पाण्याचा करवा, म्हणजे पूजेची मातीची लोटी, माझ्या ओंजळीवर कलता केला.

"पहला अर्घ्य आप देंगे. पहले बोलिए किसके लिए, फिर पानी छोड़िए. ज़ोर से बोलिए, सब सुनें. इन मर्दों को भी पता चले."

गच्ची शांत झाली. समोर चंद्र, ओंजळीत पाणी, उजव्या हाताला शेखावतसाहेब आणि डाव्या हाताला अक्षयचा मोबाइल, चित्रीकरण चालू. घाम माझ्या कपाळावरून ओंजळीत टपकला. मी मागे वळून पाहिलं. मागे वैशाली उभी होती, हातात बिअरचा ग्लास, ओठांवर फेस.

"इनके लिए," मी म्हणालो. "इनकी लंबी उम्र के लिए."

आणि पाणी सोडलं.

टाळ्यांचा असा कडकडाट मी आयुष्यात स्वतःसाठी कधी ऐकला नव्हता. बायका डोळे पुसत होत्या. नवरे माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती नजर मी इथं वर्णन करणार नाही. "छलनी! छलनी से देखिए भाभीजी को!" कोणीतरी ओरडलं आणि कोणीतरी टेबलावरची चाळणी उचलून माझ्या हातात दिली.

ती चाळणी! जिच्याखाली मोदक होता ती!

मी चाळणी डोळ्यांसमोर धरली. जाळीतून मला वैशाली दिसली. तिच्या खांद्यामागे टेबल दिसलं, टेबलावर उघडा पडलेला माझा शेवटचा मोदक दिसला, आणि त्याच्याकडे अवघडून सरकणाऱ्या दोन चॉपस्टिक दिसल्या. त्यांच्या मागच्या टोकाला शेखावतसाहेब होते.

"वैशाली, मोदक!" मी ओरडलो.

पण त्या गलक्यात तिला ऐकू येईना. "पानी पिलाइए! अपने हाथ से पिलाइए!" असं तिला चारी बाजूंनी सांगत होते, आणि हातात होता तो ग्लास तिनं माझ्या ओठांना लावला.

आईचा नियम डोक्यात घंटेसारखा वाजला. पहिला घास मोदकाचा, नाहीतर परत पहिल्यापासून. मी दातांवर दात रोवून तोंड घट्ट मिटलं. बिअर हनुवटीवरून मानेवर आणि मानेवरून शर्टात उतरली. बायकांना वाटलं मी गहिवरलो. मी बुबुळं फिरवून फिरवून टेबलाकडे खूण करत होतो.

"अहो, काय झालं? फेफरं आलं का?" वैशालीनं विचारलं आणि शेवटी मागे पाहिलं.

साहेबांच्या चॉपस्टिकमध्ये मोदक होता. तो वाटीतल्या सॉसमध्ये एक बुडी मारून तोंडाच्या दिशेनं निघाला होता. वैशालीनं ग्लास केतकरांच्या हातात कोंबला, आपल्या काड्या उचलल्या, साहेबांच्या काड्यांमधला मोदक वरच्यावर काढून घेतला आणि वळून माझ्या तोंडात घातला. चणे-फुटाण्यांवरचा सराव त्या रात्री कामी आला. साहेब रिकाम्या काड्या तोंडाशी धरून तसेच बसले होते.

मोदकाला सोया सॉसची चव होती. मला तो अमृतासारखा लागला. एकवीस संकष्ट्या पुऱ्या झाल्या होत्या. मी आईला फोन केला.

"सुटला का?"

"सुटला. मोदकावरच सुटला."

"बास. आता बदली झाली म्हनून समज."

त्यानंतर मी काकडीच्या गुंडाळ्या किती खाल्ल्या आणि केतकरांनी फोडणी नसलेला थंड भात किती संपवला ते विचारू नका. मिसेस शेखावत मला आपल्या हातानं वाढत होत्या आणि साहेबांशी बोलत नव्हत्या.

अक्षयनं ते चित्रीकरण, "काका, तुम्ही फेमस झाले बाप्पा" असं म्हणत, मला पाठवलं. मी कोणालाच पाठवलं नाही. वैशालीनं फक्त मिसेस शेखावतांना पाठवलं. त्यांनी कोणाकोणाला पाठवलं ते मला दुसऱ्या दिवशी बँकेत शिरताना कळलं, कारण सुरक्षारक्षकानं दार उघडून सलाम ठोकला आणि कॅशच्या खिडकीतल्या बाई उभ्या राहिल्या. सहकारी पुरुषांपैकी कोणी मात्र मला चहाला विचारलं नाही.

दुपारी साहेबांनी बोलावलं. समोर माझा बदलीचा अर्ज होता. माणूस रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"माने जी, मैंने तो आपके लिए लिख रखा था. सिफ़ारिश. कोल्हापुर." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. खरंच लिहिलं होतं, आणि वर आडवी रेघ मारलेली होती.

"फिर, सर?"

"फिर क्या. कल रात घर पर तय हो गया. अगले साल मुझे भी रखना है. पूरे दिन का." त्यांनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज उतरवला. "आप चले गए तो मैं अकेला कैसे रखूँगा? कम से कम दो तो हों. और वो कहती हैं, माने जी जैसा आदमी जयपुर से जाना नहीं चाहिए."

मी घरी येऊन सांगितलं. वैशालीनं बगरूहून आलेला नवा गठ्ठा सोडता सोडता "अरेरे" म्हटलं. ते फार दुःखाचं वाटलं नाही. मग मी आईला फोन लावला आणि मला राग आवरेना. "आई, एकवीस झाल्या. एक दाना खाल्ला न्हाई. चंद्र बघिटला, मोदक खाल्ला. तरी तुझ्या गनपतीनं ऐकलं न्हाई."

आईनं उलट विचारलं, "अर्घ्य देताना वंजळीत पानी घिऊन काय म्हनलास?"

मी सांगितलं.

"मग त्येचं काय चुकलं?" आई म्हणाली. "शेवटाला पानी सोडताना जे बोलशील त्येच देनार की त्यो. वीस महिनं काय बडबडलास ते कशाला ध्यानात ठेवंल?"

आणि गणपतीनं दिलं ते अगदी चोख दिलं. पूर्वी हवा बदलली की वैशालीला सर्दी ठरलेली. त्या हिवाळ्यात अख्खं जयपूर नाक पुसत होतं, पण तिला साधी शिंक आली नाही. मी मात्र त्या रात्री बिअरनं भिजलेल्या शर्टात गच्चीवरच्या वाऱ्यात उभा होतो, तो पुढे महिनाभर खोकत राहिलो. खोकल्याचा आवाज भिंतीपलीकडे जायचा. शेवटी शेजारच्या भाभी काढा घेऊन आल्या आणि वैशालीला म्हणाल्या, "आप भी कभी इनके लिए कोई व्रत रख लीजिए ना."

वैशाली म्हणाली, "सोचती हूँ."